कायदा आपला सोबती : पिस्तुलाला एकवीसचं कुलूप



या आठवड्याचा प्रश्न लालबागहून आला आहे. पाठवणारा वाचक नववीत शिकतो. तो लिहितो, ‘वकीलकाका, अठरा वर्षं पूर्ण झाली की मत देता येतं, गाडी चालवता येते. मग पिस्तुलाचा परवाना का मिळत नाही? सिनेमात तर कॉलेजातली पोरं खुशाल कमरेला पिस्तूल खोचून फिरतात. अठराव्या वर्षी पंतप्रधान निवडायची अक्कल असते, आणि पिस्तूल सांभाळायची नसते का?’

प्रश्न झकास आहे! पत्र वाचताना तुमच्यापैकी पुष्कळांनी मान डोलावली असेल. मुलींनीसुद्धा, बरं का!

उत्तर एका ओळीचं आहे. आपल्या देशात एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही स्वतःचं पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा बंदूक विकत घेता येत नाही, जवळही ठेवता येत नाही. पण एका ओळीच्या उत्तराने तुमचं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही लगेच विचारणार, ‘का?’ तर आज त्या ‘का’चा माग काढू या.

वयाची शिडी

कायदा आपल्याला एकदम मोठं करत नाही. शिडीसारखा एकेक पायरी चढवतो. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. अठराव्या वर्षी गिअरची मोटारसायकल आणि मोटार. अठरालाच मतदान. मुलींचं लग्नाचं वय अठरा, मुलांचं एकवीस. लोकसभेच्या निवडणुकीला उभं राहायचं तर पंचवीस.

आता एक गंमत पाहा. पूर्वी मतदानाचं वय एकवीस होतं. ते १९८९ मध्ये अठरावर आलं. म्हणजे देशाने तरुणांना सांगितलं, ‘या, तुमच्यावर आमचा विश्वास आहे.’ शस्त्राच्या बाबतीत मात्र गाडी बरोबर उलट्या दिशेने गेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ही वयाची अट सोळा वर्षांची होती. १९८३ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि सोळाचे एकवीस केले.

एकाच दशकात मत तीन पायऱ्या खाली आलं आणि पिस्तूल पाच पायऱ्या वर गेलं! म्हणजे हा प्रश्न नुसत्या अकलेचा नाही. तसा असता तर दोन्ही वयं एकाच दिशेला सरकली असती. फरक आहे तो वस्तूत. मत चुकलं तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येतं. सुटलेली गोळी दुरुस्त करता येत नाही.

हा कायदा आला कुठून?

थोडा इतिहास पाहू. इंग्रजांच्या राज्यात, १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना शस्त्रांचा एक कायदा झाला. १८५७ च्या उठावाची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेलेली नव्हती. त्या कायद्याने हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मात्र मोकळं सोडलं. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा! साहजिकच आपल्या पुढाऱ्यांना तो कायदा अपमानाचा वाटे.

स्वातंत्र्यानंतर तो रद्द होऊन १९५९ चा शस्त्र कायदा झाला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात गोरा-काळा हा भेद नाही. परवाना सगळ्यांनाच लागतो. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो. क्रॉफर्ड मार्केटसमोर त्यांचं कार्यालय आहे, ते तुम्ही जाता-येता पाहिलं असेल. अर्ज आला की पोलीस चौकशी करतात. हा माणूस कोण, याला शस्त्र कशासाठी हवं, याच्यावर काही गुन्हे आहेत का, हे सगळं पाहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्याआधी तीन ठेवता येत.

या कायद्याचं नववं कलम तुमच्यासाठी महत्त्वाचं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सांगतो, एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीने बंदूक-पिस्तूल मिळवायचं नाही आणि जवळ बाळगायचं नाही. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. दुसरा भाग फार थोड्यांना माहीत असतो. तो म्हणतो, अशा व्यक्तीला कुणी ते विकायचंही नाही आणि तिच्या हवालीही करायचं नाही.

दोन्ही भाग पुन्हा एकदा वाचा. कुलूप तुमच्या बाजूने दिसतं खरं, पण ते मोठ्यांच्या हातालाही घातलेलं आहे.

पिस्तूलच का?

तलवार, कोयता, सुरी ही काय साधी खेळणी आहेत? नाहीत. पण पिस्तुलाचे तीन अवगुण त्याला वेगळं करतात.

पहिला अवगुण म्हणजे ते लपतं. लांब नळीची बंदूक घेऊन कुणी परळ स्टेशनचा जिना चढू लागला तर शंभर माणसं वळून बघतील. पिस्तूल दप्तरात मावतं.

दुसरा अवगुण, त्याला ताकद लागत नाही. मारामारीत दोन पोरं एकमेकांची कॉलर धरतात, दोन ठोसे बसतात, कुणीतरी मध्ये पडतं आणि संध्याकाळी दोघं एकाच गल्लीत क्रिकेट खेळतात. पिस्तुलाच्या चापावर मात्र एक बोट पुरतं, मग ते बोट लहान मुलाचं का असेना.

तिसरा अवगुण म्हणजे त्याला वेळ लागत नाही. राग येतो तसा जातोही. पण राग यायला आणि जायला जी दोन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात पिस्तूल आपलं काम उरकून मोकळं झालेलं असतं.

या नुसत्या कल्पना नाहीत. ११ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीजवळच्या गुडगावात आठवीतल्या दोन मुलांनी शाळेतच आपल्या वर्गमित्राला गोळ्या घातल्या. कारण काय, तर आधीचं भांडण. पिस्तूल कुठून आलं? त्यातल्या एकाच्या वडिलांचं होतं, घरातलंच. ज्याला गोळ्या लागल्या तो मुलगा वाचला नाही.

३१ जुलै २०२४ ला बिहारमधल्या सुपौल जिल्ह्यात तर पाच वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून पिस्तूल शाळेत आलं. तिसरीतल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला गोळी लागली. तो सुदैवाने बचावला.

पाच वर्षांच्या मुलाला दोष देणार का तुम्ही? नाही ना? दोष कुणाचा, ते तुम्हीच सांगा.

आपल्या गिरणगावाची गोष्ट

आता लालबागच्या वाचकाला त्याच्याच वस्तीतली गोष्ट सांगतो. आजोबांना विचारलंस तर ते याहून जास्त सांगतील.

परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की चाळी जाग्या व्हायच्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मिटलाच नाही. महिने गेले, वर्षं गेली, हजारो कामगारांना काम परत मिळालं नाही.

घरात पगार येईना. कुणी गावाकडची वाट धरली, कुणी भाजीची पाटी घेऊन बसलं, कुणाच्या आईने खानावळीचे डबे सुरू केले, कुणाच्या ताईने शिवणयंत्र. बहुतेकांनी असंच, पोटाला चिमटा काढून, सचोटीने दिवस काढले. हे आधी लक्षात ठेवा. गिरणगाव म्हटलं की टोळ्याच, असं समजणं त्या लाखो माणसांवर अन्याय आहे.

पण काही पोरांची शाळा सुटली. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, नाक्यावर बसून दिवस ढकलायचा. अशा पोरांवर टोळीवाल्यांची नजर होती. पूर्वी नाक्यावरची भांडणं सोडावॉटरच्या बाटल्या, लाठ्या नाहीतर सुऱ्यांनी होत. ऐंशीच्या दशकात टोळ्यांकडे पिस्तुलं आली. बोलीभाषेत त्याला ‘घोडा’ म्हणू लागले. कुठल्याशा खेड्यात चोरून बनवलेला तो ‘गावठी कट्टा’. नाक्यावरच्या एखाद्या पोराला अचानक नवे बूट आणि मोटारसायकल मिळे. लोक त्याला वचकून असत. त्याला वाटे, आपण मोठे झालो.

‘भाई’ म्हणवणारा माणूस स्वतः पिस्तूल न चालवता पोराच्या हातात का देई? विचार करा. पोलिसांना पोराचा संशय कमी. पोराला घरसंसाराची काळजी नाही, म्हणून तो धोका पत्करतो. आणि पोरगं पकडलं गेलं किंवा मेलं, तर नाक्यावर दुसरं बसलेलं असतंच. ज्याला आपण ‘भाईचा खास माणूस’ समजतो, तो भाईच्या लेखी वापरून फेकायचा कागदी द्रोण असतो.

संपाचे पुढारी डॉ. सामंत यांचाही शेवट गोळ्यांनीच झाला. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांच्यावर मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे नाटक रंगभूमीवर आलं. गिरणी बंद पडलेल्या घरातला एक मुलगा टोळीत कसा ओढला जातो आणि त्याच्या आईचं काय होतं, ते त्यात आहे. तुम्ही जरा मोठे झालात की जरूर वाचा.

आता प्रामाणिक प्रश्न. वयाची अट एकवीसवर नेणारी दुरुस्ती झाली १९८३ मध्ये, म्हणजे संप चालू होता तेव्हाच. ती सगळ्या देशासाठी होती, गिरणगावासाठी मुद्दाम केलेली नव्हती. मग तिने गिरणगावातली पोरं वाचली का?

सगळी नाही वाचली. टोळीतलं पिस्तूल परवान्याच्या दारातून येतच नाही, ते मागच्या भिंतीवरून येतं. कुलूप दाराला असतं. भिंत राखायची तर पोलीस हवेत, शाळा हवी, हाताला काम हवं आणि ‘त्या नाक्यावर बसू नकोस’ असं सांगणारं कुणीतरी घरात हवं. म्हणून दाराचं कुलूप काढून टाकायचं का? अजिबात नाही. गुडगाव आणि सुपौलसारख्या गोष्टी घरातल्या शस्त्रानेच घडतात, आणि तिथे दाराचं कुलूपच उपयोगी पडतं.

‘एवढी पिशवी ठेव रे!’

आता सगळ्यात कामाची गोष्ट. शस्त्र कायद्यात गोळी झाडणं तर गुन्हा आहेच, पण विनापरवाना पिस्तूल नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. त्याला २०१९ पासून कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड आहे. बंदी असलेल्या प्रकारच्या शस्त्रांना तर शिक्षा याहून मोठी.

अभिनेते संजय दत्त यांचं उदाहरण तुमच्या आईबाबांना आठवत असेल. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात त्यांच्यावर दहशतवादाचा आरोप होता. न्यायालयाने त्या आरोपातून त्यांना मुक्त केलं. त्यांनी कुणावर गोळी झाडल्याचा आरोपही नव्हता. तरी बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा भोगून ते फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवडा तुरुंगातून बाहेर आले. एवढा मोठा नट, पण कायद्यापुढे सगळे सारखेच.

म्हणून ओळखीच्या कुणा दादाने म्हटलं, ‘एवढी पिशवी ठेव रे घरी, उद्या नेतो,’ किंवा ‘हे पाकीट समोरच्या बिल्डिंगमध्ये देऊन ये, दोनशे रुपये देतो,’ तर मोठ्याने ‘नाही’ म्हणायचं. दोनशे रुपयांत कुणी पाकीट पोचवून घेत नाही, तुमची भाबडी सूरत विकत घेतो! आणि ठेवलंच असेल तर लपवून ठेवू नका, ताबडतोब घरात सांगा. आत काय आहे हे मुळीच माहीत नसलेल्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. पण ‘मला माहीत नव्हतं’ हे मागाहून पटवून देताना दमछाक होते. कळल्यावरही गप्प बसलात, तर ते पटवणं आणखी कठीण.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याचं काय होतं? त्याला मोठ्यांच्या तुरुंगात टाकत नाहीत. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलांना वेगळं वागवायचं, ही आपल्याकडे जुनी रीत आहे. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीला उमरखाडीचं बालगृह आहे, ते या सोसायटीचंच.

पण ‘मी लहान आहे, मला काय होतंय?’ या भ्रमात राहू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खुनासारखा अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक तयारी आणि समज तपासून खटला मोठ्यांप्रमाणे चालवण्याचा निर्णय होऊ शकतो. आणि एकोणिसाव्या वर्षी तर सरळ मोठ्यांचं न्यायालय आणि मोठ्यांचा तुरुंग! म्हणजे परवाना मिळायचं वय झालेलं नाही, पण शिक्षा भोगायचं वय झालेलं आहे.

याच कायद्याचं ८३ वं कलम त्या ‘भाई’साठी आहे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मी मघाशी म्हटलं ना, कुलूप मोठ्यांच्या हातालाही आहे, ते हेच.

जगात काय चाललंय?

स्कॉटलंडमध्ये डनब्लेन नावाचं छोटं गाव आहे. १३ मार्च १९९६ ला तिथल्या प्राथमिक शाळेत एक माणूस पिस्तुलं घेऊन शिरला. त्याने सोळा मुलं आणि त्यांच्या बाईंचा जीव घेतला. त्याची पिस्तुलं परवान्याची होती. गावातल्या आईबापांनी आणि शेजाऱ्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी माणसांच्या जवळजवळ सगळ्या हातबंदुकांवर बंदी घातली.

अमेरिकेतली तऱ्हा निराळी. तिथे शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानतात. तरी १९६८ च्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला पिस्तूल विकता येत नाही, आणि १९९४ पासून अठरा वर्षांखालच्यांनी ते बाळगण्यावर काही अपवाद सोडून बंदी आहे. पण घरोघरी इतकी शस्त्रं आहेत की मुलांच्या हाती ती लागतातच. २० एप्रिल १९९९ ला कोलंबाइन इथल्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी जो गोळीबार केला, त्याची शस्त्रं त्यांना वयाने मोठ्या ओळखीच्यांनी मिळवून दिली होती. २०२० मध्ये त्या देशात एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदुका हे ठरलं. मोटारअपघातांपेक्षाही वरचं!

कायदा कागदावर असला, तरी घरात कपाट उघडं असलं की तो तोकडा पडतो. हे आपणही ध्यानात ठेवू.

बंद दाराशेजारचं उघडं दार

‘मग काका, आम्ही बंदुकीला हातच लावायचा नाही का?’ असं कुणीतरी हिरमुसून विचारेल. थांबा, कायदा इतका अरसिक नाही!

त्याच नवव्या कलमात एक उघडं दार आहे. स्वतःचं शस्त्र ठेवायला एकवीस वर्षं लागतात, पण शिकण्यासाठी आणि खेळासाठी त्याआधीही हातात घेता येतं. २०१६ च्या नियमांनुसार बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना जाणत्या मोठ्या माणसाच्या थेट देखरेखीखाली नेमबाजी शिकता येते. एनसीसीच्या कॅडेटना रायफल चालवायला शिकवतात. सराव संपला की रायफल परत शस्त्रागारात जमा होते. कुणीही ती घरी नेत नाही.

आपल्या मुंबईचीच अंजली वेदपाठक दादरच्या कीर्ती महाविद्यालयात गेली ती एनसीसीच्या ओढीने. महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये तिने नेमबाजीचे धडे गिरवले. पुढे अंजली भागवत या नावाने ती जगाला ठाऊक झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २००२ मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब मिळवला. पिस्तुलाचंच म्हणाल, तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवोनला २५ मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषकाचं सुवर्णपदक जिंकलं. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक आणलं.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो, माहीत आहे? अर्धा मिलिमीटर! तिथे राग उपयोगाचा नाही. श्वास, नजर आणि बोट, तिन्ही ताब्यात लागतात. रेंजवरचे नियम तर आपल्या पी.टी.च्या सरांपेक्षा कडक. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. गंमत म्हणून कुणाकडे नळी रोखली, तर त्या क्षणी बाहेर! सिनेमातल्या हिरोला रेंजवर पाच मिनिटंसुद्धा उभं राहू देणार नाहीत.

आणि हो, जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक? २०१६ च्या नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. तरी तिचा छरा डोळा फोडू शकतो. ती फुग्यांवरच रोखायची, मित्रावर नाही. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल तर खेळणंच. ते खुशाल उडवा, फक्त कानाशी नको.

चौकट : आईबाबांसाठी

घरात परवान्याचं शस्त्र असेल तर ते कुलपात ठेवा, रिकामं ठेवा आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. ‘आमच्या बंड्याला कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत नाही’ असं समजू नका. बंड्याला सगळं माहीत असतं. आजोबा वारले आणि त्यांची बंदूक घरात राहिली, तर ‘आठवण’ म्हणून माळ्यावर टाकू नका. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मुलाकडे अचानक महागड्या वस्तू दिसू लागल्या, तर ओरडण्याआधी शेजारी बसून विचारा.

एवढं पाठ करा

कुठेही पिस्तूल दिसलं, तर हात लावू नका. खोटं असेल असं धरून चालू नका. उचलून मित्राला दाखवू नका, मोबाइलवर फोटो काढत बसू नका. तिथून लांब व्हा आणि मोठ्या माणसाला सांगा. ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवता येतं. कुणी धमकावत असेल, कसलं पाकीट न्यायला भाग पाडत असेल आणि घरी सांगायची भीती वाटत असेल, तर मुलांसाठीचा १०९८ हा मोफत क्रमांक आहे. ही मदतसेवा १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली.

आणि लालबागच्या दोस्ता, तू विचारलंस, अठराव्या वर्षी अक्कल नसते का? असते रे. म्हणूनच कायद्याने तुझ्या हाती मत दिलं. पिस्तुलाचं तसं नाही. ते चाळिशीतल्या माणसालाही चौकशी करूनच देतात, आणि दिल्यावरही त्याच्यावर नजर ठेवतात. निवडणूक आली की पुष्कळांना ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तेव्हा तुला एकट्याला कमी लेखलंय, असं मनात आणू नकोस.

सांगा पाहू!

१. वीस वर्षांच्या विक्रमला वाढदिवसाला काकांनी स्वतःचं रिव्हॉल्व्हर भेट दिलं. चूक कुणाची?

२. तेरा वर्षांची सायली प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर नेमबाजी शिकते. चालेल का?

३. मिहिरने मित्राची पिशवी घरी ठेवली. रात्री उघडून पाहिली तर आत पिस्तूल! आता त्याने काय करावं?

उत्तरं घरच्यांशी बोलून लिहा आणि मग खाली पाहा. आधी पाहायचं नाही हं!

पुढच्या आठवड्यात भेटू, ‘दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊ शकतो का?’ हा प्रश्न घेऊन.

तुमचा,
वकीलकाका

(उत्तरं : १. दोघांचीही. काकांनी द्यायला नको होतं, विक्रमने घ्यायला नको होतं. २. चालेल. बारा वर्षं पूर्ण आहेत आणि प्रशिक्षक सोबत आहेत. ३. पिस्तुलाला हात न लावता त्याच क्षणी आईबाबांना उठवावं आणि पोलिसांना कळवावं. ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.)